दारापुढे मधुमालती की बहावा?

इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीसारख्या कमी पावसाच्या गावात दारापुढे काय लावावं? मधुमालतीला मांडव दिला की ती भराभर चढते. फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, मग गुलाबी आणि शेवटी लाल होतात. एकाच घोसात तिन्ही रंग! रात्रीच्या सुवासावर पतंग येतात. मात्र छाटणी चुकवली, तर ती कौलांतही शिरते.

बहाव्याला घाई नसते. बी लावल्यापासून फुलायला काही वर्षं लागतात. पण एकदा रुजला की तो पाण्यासाठी अडून बसत नाही आणि एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात पिवळ्या झुंबरांनी लगडतो. राज्यफुलाचा मान मिळवलेलं तामण देखणं खरं, पण त्याला ओल हवी.

ऐसपैस जागा असेल तर बहावाच. अरुंद अंगणाला मधुमालती, तीही भिंतीपासून हातभर दूर.