‘अंगात येणे’ आणि ‘ट्रान्समध्ये जाणे’

संगीताने मनुष्याचे भान हरपते, हा अनुभव मराठी भाषेला नवा नाही. नवी आहे ती त्या अवस्थेविषयी बोलण्याची वाक्यरचना. प्रस्तुत टिपणात या रचनाभेदाचा विचार चिखली गावाच्या निमित्ताने करावयाचा आहे.

१९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आलेले हे गाव ‘टाळगाव चिखली’ म्हणून ओळखले जाते. तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या वेळी त्यांचे टाळ येथे पडले, अशी परंपरा आहे. संस्कृत ‘ताल’ या शब्दात हाताची टाळी, झांज आणि लयीचे मान हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीने त्यांची वाटणी केली. लयीसाठी तत्सम ‘ताल’ राहिला, वाद्यासाठी मूर्धन्य ‘ट’ घेऊन ‘टाळ’ आला आणि हातासाठी ‘टाळी’.

याच परिसरातील तरुण, दिवसा वा रात्री चाकणच्या कारखान्यात पाळी करणारे, आज ‘ट्रान्स’ या नावाच्या संगीताला जातात. हा प्रकार १९९० नंतरच्या दशकात जर्मनीत आकारास आला. त्याच दशकात हणजुणे येथील किनाऱ्यावर त्याची एक निराळी शाखा वाढली व ती जगभर ‘गोवा ट्रान्स’ म्हणून प्रसिद्ध झाली. अशा प्रकारच्या यंत्रसंगीताचा ‘सनबर्न’ हा मोठा महोत्सव २००७ साली गोव्यात कांदोळी येथे सुरू झाला आणि २०१६ च्या डिसेंबरात पुण्याजवळ केसनंद येथे भरला. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्याला तेव्हा तो हाकेच्या अंतरावर आला.

या संगीताची घडण समजून घेणे अवश्य आहे. चार मात्रांचा सरळ ठेका, प्रत्येक मात्रेवर खर्जातील आघात, मिनिटाला सुमारे १३० ते १५० आघात. काही वेळाने हा आघात एकाएकी काढून घेतला जातो. उरतात फक्त लांबविलेले स्वर. मग ढोलाचे बोल दुप्पट, चौपट दाट होत जातात, दबलेला नाद हळूहळू उघडतो आणि आघात परत येतो. त्या क्षणी हजारो लोक एकदम उसळतात. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एका रचनेत लय बहुधा मुळीच वाढत नाही. वाढल्याचा केवळ भास होतो. आपल्या भजनातील अखेरच्या गजरात मात्र लय खरोखरच चढते, कारण तेथे टाळकरी व मृदंगवादक एकमेकांना ओढून नेतात. यंत्र कोणाच्या ओढीने धावत नाही.

आता भाषेकडे वळू. ‘मला तंद्री लागली’, ‘त्याचे भान हरपले’, ‘तिच्या अंगात आले’, ‘ब्रह्मानंदी टाळी लागली’. या चारही वाक्यांत माणूस कर्ता नाही. तो चतुर्थीत आहे, षष्ठीत आहे किंवा अजिबात नाही. ‘अंगात आले’ हे तर विशेष होय, कारण काय आले हे सांगितलेलेच नसते आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी राहते. खंडोबाच्या जागरणात वाघ्याच्या दिमडीवर घुमणाऱ्या बाईला उद्या कोणी जाब विचारला, तर हे व्याकरणच तिची बाजू घेते: तिने काही केले नाही, तिच्याकडे काही आले.

‘ट्रान्स’ हा शब्द मात्र मुळातच ‘जाण्या’चा आहे. लॅटिन भाषेत ‘पलीकडे जाणे’ या अर्थाचे क्रियापद होते. त्यापासून जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. तरुण म्हणतो, ‘मी ट्रान्समध्ये गेलो.’ येथे मी प्रथमेत आहे. गेलो तो मी, परतेन तोही मीच. तिकीट काढून, पाळी बदलून घेऊन, मित्रांसह ठरवून गेलेल्या माणसाला हीच रचना शोभते, हे कबूल केले पाहिजे. परंतु तिच्याबरोबर जबाबदारीही कर्त्याकडे येते. सकाळच्या पाळीला न उठलेल्या मुलाला वडील जे बोलतात, ते जागरणाहून आलेल्याला सहसा बोलत नाहीत.

वडिलांच्या तोंडी अशा वेळी येणारा शब्द बहुधा ‘गोंधळ’ असतो. संबळ, तुणतुणे व दिवटी यांच्या साथीने रात्रभर चालणारा हा देवीचा विधी. गणेशवंदना, देवदेवतांना आवाहन, आख्यान आणि शेवटी आरती, असा त्याचा क्रम काटेकोर असतो. तरीही व्यवहारात ‘गोंधळ’ म्हणजे अव्यवस्था. बाहेर झोपू पाहणाऱ्याला भिंतीपलीकडून जे ऐकू आले, त्यावरून हा दुसरा अर्थ रूढ झाला असावा, असे आम्हांस वाटते. शब्द आतल्यांचा, अर्थ बाहेरच्यांचा!

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी या बाहेरच्याचे गाऱ्हाणे कायद्यात आणले. उघड्यावरील ध्वनिवर्धक रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावे लागतात; वर्षातील मोजक्याच दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. त्यामुळे ‘ट्रान्सची रात्र’ पुष्कळदा दुपारीच सुरू होते. नाव मात्र रात्रीचेच राहिले आहे, आणि घरी परतलेली मुले अजूनही ‘भान हरपून नाचलो’ असेच सांगतात: ‘नाचलो’ प्रथमेतले, ‘हरपून’ जुन्या वळणाचे, दोन्ही एकाच वाक्यात.