नाण्याचे बळ कसे ओळखावे?

एखाद्याच्या कीर्तीस उणेपणा आला म्हणजे ‘त्याच्या नावाला बट्टा लागला’ असे आपण म्हणतो. हा शब्द सराफाच्या पेढीवरचा आहे. नाणे बदलून देताना सराफ जी कसर कापून घेई, तिला बट्टा म्हणत. आम्ही सुरतवासी ज्या शहरात राहतो, तेथे सतराव्या शतकात हा बट्टा ठरविण्याचे काम नित्य चाले.

त्या काळी या बंदरात मोगलांचा रुपया, गुजरातच्या सुलतानांच्या वेळेपासून चालत आलेली महमुदी आणि युरोपीय व्यापाऱ्यांनी आणलेले स्पेनचे रियाल अशी नाना देशांची नाणी येत. सराफ नुसता छाप पाहून थांबत नसे. तो नाण्याचे वजन करी, चांदीचा कस पाही आणि नाणे पाडल्याचे सालही वाची. चालू सालाच्या रुपयास अधिक भाव मिळे. जुन्या रुपयास बट्टा लागे. पुढे १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरविला आणि हे बट्ट्याचे प्रकरण हळूहळू मागे पडले.

आजच्या नोटेत चांदी नाही. मग तिचे बळ कशात? देशातील उत्पादन, निर्यात, व्याजाचे दर, महागाई आणि त्या देशाच्या कारभारावरील लोकांचा विश्वास, यांवर ते अवलंबून असते. आपल्या रुपयाचा भाव १९९३ पासून मुख्यत्वे बाजारातील मागणी-पुरवठ्यावर ठरतो.

येथे दोन गैरसमज टाळावयास हवेत. पहिला असा की, ज्या चलनाचा एक नग महाग, ते बलवान. कुवेतच्या एका दिनारास तीन डॉलरांहून अधिक मिळतात. परंतु जगाचा व्यापार दिनारात चालत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आपल्या हिशेबासाठी डॉलर, युरो, युआन, येन व पौंड ही पाचच चलने निवडली असून, २०२२ च्या फेरतपासणीत त्यांत एकट्या डॉलरचा वाटा ४३ टक्क्यांहून अधिक ठरला.

दुसरा गैरसमज एकाच जोडीकडे पाहण्याचा. तराजूचे एक पारडे खाली गेले, तर ते जड झाले की दुसरे हलके झाले, हे नुसत्या दांडीवरून कळत नाही. २०२२ सालचेच उदाहरण घेऊ. वर्षारंभी एका डॉलरास सुमारे ७४ रुपये पडत. ऑक्टोबरात सुमारे ८३ पडू लागले. रुपया बुडाला, अशी ओरड झाली. पण त्याच अवधीत डॉलरास पडणारे येन सुमारे ११५ वरून १५० वर गेले. आता त्रैराशिक मांडावे. वर्षारंभी १०० येनांस सुमारे ६४ रुपये लागत, ऑक्टोबरात सुमारे ५५ पुरत. म्हणजे येनापुढे रुपया वधारलाच होता! अमेरिकेने व्याजाचे दर भराभर वाढविले, जपानने ते शून्याच्या आसपास ठेवले. म्हणून डॉलर बलवान झाला आणि येन फार घसरला. तात्पर्य, एका चलनाची अनेकांशी तुलना केल्यावाचून त्याचे बळ समजत नाही.

हे ज्ञान सुरतेतील घराघरांस उपयोगी आहे. येथील कारखान्यांत पैलू पाडले जाणारे हिरे डॉलरच्या भावाने येतात आणि डॉलरच्या भावानेच परदेशी जातात. परंतु एवढ्या ज्ञानाच्या भरवशावर चलनांच्या सट्ट्यात उडी घेणे शहाणपणाचे नव्हे. मोबाईलवर परकीय चलनाच्या सौद्यांची आमिषे दाखविणारे पुष्कळ आहेत. १,००० रुपये ठेवून ५०,००० रुपयांचा सौदा केला आणि भाव केवळ दोन टक्के उलटा फिरला, तरी सारी ठेव बुडते. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यान्वये असे सौदे अधिकृत व्यक्तींमार्फत व मान्य बाजारातच करता येतात. परवाना नसलेल्या संस्थांची यादी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली प्रसिद्ध केली. मात्र यादीत नाव नाही एवढ्यावरून कोणी अधिकृत ठरत नाही.

विद्यार्थ्यांनी रोज वृत्तपत्रातील चार चलनांचे भाव वहीत टिपावेत आणि महिनाअखेर तुलना करावी. कोण वर चढले व कशामुळे, हे त्यांचे त्यांनाच उमगेल. घरात कोणी झटपट दुपटीची गोष्ट काढली, तर ती वही त्यांच्यापुढे ठेवण्यास संकोचू नये.