सीलर चिंचेला अडवत नाही

“मार्बल लावा बिनधास्त, सीलर मारला की काही होत नाही.” चेन्नईत नव्या फ्लॅटचं किचन करून घेणाऱ्या मराठी घरांमधून हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की आता चिडचिड होते. दुकानदार सांगतो, कंत्राटदार मान डोलावतो आणि गॅसच्या शेगडीमागे पांढराशुभ्र मार्बल चढतो. काही महिन्यांत त्यावर निस्तेज चट्टे दिसू लागतात आणि खापर फुटतं कामवाल्या बाईंवर. त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नसतो. दोष रसमचाही नाही. दोष निवडीचा आहे.

मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्याला आम्ल लागलं की तो विरघळतो. शाळेतल्या प्रयोगात फसफसायचा तोच हा पदार्थ. लिंबात सायट्रिक आम्ल असतं, व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आणि चिंचेत टार्टारिक. चेन्नईच्या स्वयंपाकघरात सांबार, रसम, पुळिकुळंबु यांपैकी काहीतरी रोज उकळत असतं आणि आपल्या घरात त्यावर चिंचगुळाची आमटीही असते. शिंतोडे उडणारच. ओट्यामागची भिंत, म्हणजे कंत्राटदाराच्या भाषेतला डॅडो, झाकायचा असतो तो त्यासाठीच.

“पण सीलर?” सीलर खोटा नाही, त्याचं काम वेगळं आहे. डाग आणि चट्टा या दोन भिन्न गोष्टी आहेत. तेल आणि हळद दगडाच्या छिद्रांत मुरली की डाग पडतो. बाजारातले बहुतेक सीलर दगडात शिरून ही छिद्रं बुजवतात, त्यामुळे डाग सहज मुरत नाही. पृष्ठभागावरचं कॅल्शियम कार्बोनेट मात्र उघडंच राहतं. आम्ल थेट त्याला भिडतं आणि पॉलिश खातं. मागे उरतो तो मळ नव्हे, झिजलेला दगड. म्हणून कितीही घासलं तरी चट्टा जात नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं. विश्वास बसत नसेल तर दगड विकणाऱ्यांच्याच संस्थेचं ऐका. अमेरिकेतली नॅचरल स्टोन इन्स्टिट्यूट मार्बल आणि चुनखडीवर लिंबू किंवा व्हिनेगर असलेलं काहीही वापरू नका, असं बजावते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: “ताजमहाल नाही का पावणेचारशे वर्षं उभा?” उभा आहे. तिथे कुणी रोज फोडणी घालत नाही. आणि त्यालाही आम्ल बाधतंच. धुरातल्या सल्फर डायऑक्साइडमुळे संगमरवराची हानी होते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 30 डिसेंबर 1996 रोजी आग्रा परिसरातल्या कारखान्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरा, नाहीतर दुसरीकडे जा, असा आदेश दिला होता.

मार्बलची हौस असेलच तर तो जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीला लावा. शेगडी आणि सिंकमागे नको.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

गैरसमज: कडप्पा म्हणजे काळा ग्रॅनाइटच.
वस्तुस्थिती: कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. चिंच त्यालाही खाते. कृष्णगिरीकडच्या काळ्या ग्रॅनाइटला स्वयंपाकघरातल्या आम्लांची भीती नाही.

गैरसमज: आत्तंगुडी टाइल्स पारंपरिक, म्हणजे ओट्यामागेही उत्तम.
वस्तुस्थिती: शिवगंगा जिल्ह्यातल्या या सुंदर टाइल्स सिमेंटच्या असतात. काचेवर रंग ओतून हाताने घडवलेल्या, भट्टीत न भाजलेल्या. त्या तेल पितात आणि आम्लाने झिजतात. मूळच्या त्या जमिनीच्या टाइल्स आहेत. चेट्टिनाडच्या वाड्यांत पावलांनी आणि पुसण्याने त्यांना झळाळी येते. भिंतीवर कोण चालणार?

गैरसमज: भिंतीलाही व्हिट्रिफाइडच हवी, साधी सिरॅमिक पाणी पिते.
वस्तुस्थिती: आयएसओ 13006 या मानकानुसार भिंतीच्या सिरॅमिक टाइलचा गाभा 10 टक्क्यांहून जास्त पाणी शोषू शकतो, तर व्हिट्रिफाइडचा 0.5 टक्क्यापर्यंतच. पण भिंतीवर शिंतोडा गाभ्यावर नाही, ग्लेझवर पडतो आणि ग्लेझ म्हणजे काचच. उलट व्हिट्रिफाइड पाणी शोषत नसल्याने साध्या सिमेंटच्या घोळावर नीट चिकटत नाही. ती लावायचीच असेल तर टाइल ॲडहेसिव्ह वापरा.

गैरसमज: स्टेनलेस स्टील गंजत नाही.
वस्तुस्थिती: बेसंट नगर किंवा तिरुवान्मियूरला समुद्राकडच्या खिडकीशेजारी लावून बघा. खाऱ्या हवेतल्या क्लोराइडमुळे 304 ग्रेडवरही तपकिरी ठिपके येतात. मॉलिब्डेनम असलेली 316 ग्रेड जास्त तग धरते.

गैरसमज: टफन्ड काच लावली की चिंता मिटली.
वस्तुस्थिती: ती साध्या काचेहून बरीच मजबूत असते, पण एकदा टफन केली की कापता किंवा भोक पाडता येत नाही. प्लग पॉइंटची जागा आधीच पक्की करा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे थेंब गडद काचेवर उठून दिसतात, तेही ध्यानात घ्या.

गैरसमज: सांधे काळे पडले की ॲसिड मारा.
वस्तुस्थिती: ॲसिड मळाबरोबर सिमेंटचं ग्राउटही खातं, सांधा खडबडीत होतो आणि पुढचा मळ लवकर धरतो. सुरुवातीलाच इपॉक्सी ग्राउट भरा, महाग पडलं तरी.

थोडक्यात, चिंच-तेल-खारी हवा असलेल्या या शहरात ओट्यामागे साधी, गुळगुळीत ग्लेझ्ड सिरॅमिक टाइल आणि इपॉक्सी ग्राउट, हे बहुतेक घरांसाठी सर्वांत शहाणं उत्तर आहे. तरीही दगडच हवा असेल तर दुकानदाराकडून सीलर लावलेला तुकडा मागून घ्या, त्यावर चिंचेचा कोळ आणि लिंबाचा रस ठेवा आणि सकाळी धुऊन उजेडात तिरका धरून बघा. तुकडा द्यायला दुकानदार तयार नसेल, तर दुकान बदला.