मिरचीवरील नवी कीटकनाशके आणि त्यांची पारख

मिरची हे शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा देणारे पीक होय. परंतु तिच्या फवारणीवर होणारा खर्चही थोडाथोडका नसतो. नवे कीटकनाशक स्वीकारण्यात मिरची उत्पादक सहसा मागे राहत नाही. मात्र नव्या औषधाची पारख तो जुन्याच मापाने करतो, आणि तेथेच त्याचे नुकसान होते.

हे जुने माप म्हणजे फवारल्यावर काही तासांत किडी मरून पडलेल्या दिसणे. पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांनी ही सवय लावली. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल किंवा इमामेक्टिन बेंझोएट यांचे कार्य निराळे आहे. ही औषधे पोटात गेल्यावर फळ पोखरणारी अळी लवकरच खाणे सोडते. मरावयास मात्र तिला दोन ते चार दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी झाडावर जिवंत अळी पाहून शेतकरी औषध निकामी ठरवितो व त्यात पायरेथ्रॉइड मिसळून पुन्हा फवारतो. पैसा दुप्पट जातो, आणि मित्रकीटक मेल्यामुळे कोळी वाढतात ते वेगळेच.

दुसरा घोटाळा चुरडा-मुरड्याचा. पानांच्या कडा वर वळल्या तर बहुधा फुलकिडे असतात. खाली वळून देठ लांबले तर कोळी. पांढऱ्या माशीमार्फत येणारा विषाणू हे तिसरे कारण. या तिन्हींना एकच नाव असल्याने औषधही एकच वापरले जाते. इमिडाक्लोप्रिडचा कोळ्यांवर उपयोग होत नाही; मग औषध बनावट निघाल्याचा बोभाटा होतो.

२०२१ साली आंध्र प्रदेशातील गुंटूर व तेलंगणातील खम्मम भागात या चुकांची फार मोठी किंमत पडली. थ्रिप्स पार्विस्पिनस हा काळसर फुलकिडा भारतात २०१५ साली बंगळूर येथे पपईवर आढळला होता. तो आता मिरचीच्या फुलांत शिरला. फुलांच्या आत दडून बसत असल्याने त्याच्यापर्यंत फवारा नीट पोहोचेना. फुले गळू लागली. फवारणीवर फवारणी होऊनही कीड हटेना, तेव्हा कित्येकांनी उभे पीक उपटून टाकले.

अशा वेळी औषध बदलल्याचे समाधान पुष्कळदा फसवे असते. स्पिनोसॅड सोडून स्पिनेटोरम घेतले, तर डबा बदलला, वर्ग तोच राहिला. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम व ॲसिटामिप्रिड हीही एकाच वर्गातील भावंडे होत. एकाच वर्गाचा मारा सतत होत राहिल्यास किडीच्या अंगी प्रतिकारशक्ती येते. म्हणून दुकानातच डब्यावरील मोठे व्यापारी नाव सोडून त्याखालील रासायनिक नाव वाचावे.

तोडणीपूर्वीची फवारणी तर अधिकच जपून करावी. मिरची पथारीवर वाळते तेव्हा पाणी उडून जाते, औषधाचा अंश मात्र बराचसा मागे राहतो व वजनाच्या मानाने वाढतो. उन्हाने तो सगळा नाहीसा होतो हा समज खरा नव्हे. डब्यावर सांगितलेले प्रतीक्षेचे दिवस पाळलेच पाहिजेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने व्याख्यानापेक्षा शेतात प्रयोग दाखवावा. एका बाजूस केवळ शिफारस केलेले औषध, दुसऱ्या बाजूस शेतकऱ्याच्या पद्धतीची फवारणी ठेवावी. फवारणीच्या आदल्या दिवशी, तसेच तिसऱ्या व सातव्या दिवशी, दोन्हीकडील दहा-दहा झाडांची फुले पांढऱ्या कागदावर झटकून पडलेले फुलकिडे शेतकऱ्याकडूनच मोजवून घ्यावेत, आणि दोन्ही बाजूंचा खर्च त्याच कागदावर मांडावा.