आजीच्या डब्यातली गोळी

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजीचे गुडघे दुखतात आणि तिच्या डब्यात डायक्लोफेनॅकच्या गोळ्या असतात. डॉक्टरांनी एकदा दिलेली चिठ्ठी वर्षानुवर्षे चालते. शेजारणीलाही त्यातलीच एखादी गोळी दिली जाते. धोका आहे तो इथेच.

१९७१ साली जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने अशा औषधांचे मर्म उलगडले. शरीरात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे सांधा सुजतो, ठणकतो. गोळी ही द्रव्ये तयार होऊ देत नाही. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. म्हणूनच गुडघ्याला आराम देणारी गोळी पोटात व्रण करू शकते. जेवणानंतर घेतल्याने जळजळ कमी होईल. पण औषध रक्तातूनही परिणाम करते, त्यामुळे व्रणाचा धोका पूर्ण टळत नाही.

तेव्हा मात्रा कमीत कमी आणि दिवसही कमीत कमी, तेही डॉक्टरांना विचारूनच. या जातीच्या दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा पूर्वीचा अल्सर असेल, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर तसे आधीच सांगावे. डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी, छातीत दुखणे यांपैकी काहीही झाले तर गोळी थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

गोळी दुखणे शमवते; झिजलेला सांधा भरून काढत नाही. या सुट्टीत घरी गेल्यावर आजीचा तो डबा एकदा उघडून पाहा.