लहान मासोळी सोडायची, पण जिवंत राहील अशी



ऊर्जानगरपासून गडचिरोलीपर्यंत आपल्या भागात मामा तलाव आणि बोड्या भरपूर. ज्या गटांनी त्यात मत्स्यबीज सोडलं आहे, त्यांच्यासाठी ही माहिती.

जाळं ओढलं की मोठ्या मासोळीबरोबर वीतभर पिल्लंही येतात. "हाती आलेली मासोळी परत कशाला सोडायची?" असं तुम्ही म्हणाल. रोहू, कटला, मृगळ यांना नीट खाद्य मिळालं तर वर्षभरात किलोच्या आसपास भरतात. शंभर ग्रॅमची विकली तर आजच्या भाजीचे पैसे. थांबलो, तर तीच मासोळी गटाचा हप्ता भरेल. पण सोडलेली मासोळी जगली, तरच हा हिशेब जुळतो.

मासोळीच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे तिचं कवच. कोरड्या हातानं किंवा फडक्यानं धरलं की तो निघतो. मग जखमेत बुरशी धरते आणि काही दिवसांनी मासोळी मरून वर येते. म्हणून एवढं करा:

१. जाळं सकाळच्या गारव्यात ओढा. तापलेल्या पाण्यात मासोळी लवकर गुदमरते.

२. लहान-मोठी निवड जाळं पाण्यात ठेवूनच करा. काठावरच्या मातीत ढीग घालू नका.

३. आधी हात ओले करा. दोन्ही हात पोटाखाली घालून उचला. कल्ल्यात बोट घालू नका, शेपटीला धरून लोंबकळवू नका.

४. बांधावरून फेकू नका. हात पाण्यात बुडवा, ती आपणहून निसटू द्या.

५. शिंगी सांभाळून! तिच्या कल्ल्यामागच्या काट्यात विष असतं. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि दवाखान्यात जा.

पावसाळ्यात मरळीकडे खास लक्ष द्या. मरळ आपल्या लालसर पिल्लांच्या थव्याची राखण करते. तेव्हा तिला पकडलं, तर राखण करणारं कोणी उरत नाही आणि इतर मासे पिल्लं फस्त करतात. अशी मरळ जाळ्यात आली तर लगेच तिथेच सोडा.

सगळंच मात्र परत सोडायचं नाही. आफ्रिकन मांगूर पाळायला आपल्या देशात बंदी आहे. तो गावरान मासे खातो. ओळख पटत नसेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांना दाखवा. कल्ले फाटलेली, रक्त वाहणारी मासोळीही जगत नाही, ती घरी रांधा.

पुढच्या बैठकीत दोन गोष्टी ठरवून ठराव वहीत लिहा: किती वजनाखालची मासोळी विकायची नाही, आणि जाळं किती मोठ्या भोकांचं घ्यायचं. पिल्लं जाळ्यात अडकलीच नाहीत, तर सोडायची वेळच येणार नाही.