स्त्रीवेशातील नट आणि पुरुषत्वाची सामाजिक अपेक्षा : ‘नटरंग’ व ‘बालगंधर्व’ या चित्रपटांच्या संदर्भात

मराठी चित्रपटातील स्त्रीप्रतिमेची चर्चा विपुल झाली आहे. त्या मानाने पुरुषाकडून समाज ज्या अपेक्षा बाळगतो व त्यांपायी त्याची जी कोंडी होते, तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. कणखर देह, कुटुंबाचे पोषण आणि भावनांवर ताबा ही पुरुषत्वाची रूढ लक्षणे होत. पुरुष म्हणून जन्मणे पुरेसे नसते. ते वारंवार सिद्ध करावे लागते. दिग्दर्शक रवी जाधव यांचे ‘नटरंग’ (२०१०) आणि ‘बालगंधर्व’ (२०११) हे चित्रपट एकत्र पाहिल्यास या अपेक्षेचा एक वेगळा पैलू उघड होतो. पुरुषाने लुगडे नेसणे हे एका ठिकाणी वैभव ठरते, तर दुसऱ्या ठिकाणी कलंक.

आनंद यादव यांच्या कादंबरीवर आधारलेल्या ‘नटरंग’मधील गुणा कागलकर हा पिळदार शरीराचा शेतमजूर आहे. वगात राजा व्हावे हे त्याचे स्वप्न. परंतु फडाला नाच्या हवा असतो आणि ते सोंग घ्यायला कोणीही धजत नाही. अखेर गुणाच ते स्वीकारतो. अतुल कुलकर्णी यांनी येथे केवळ हावभाव बदललेले नाहीत. भरलेला देह उतरवून चाल आणि नजरही पालटली आहे. घरात मात्र त्याची कला कोणी पाहत नाही, दिसते ती फक्त नाचक्की. पुढे त्याच्यावर होणारा अत्याचार ही ‘पुरुषासारखे’ न वागल्याबद्दल गावाने दिलेली शिक्षाच होय.

याउलट नारायण श्रीपाद राजहंस अर्थात बालगंधर्व. खानदेशाशी त्यांचा संबंध जवळचा आहे. बालपणी ते काही काळ जळगावात होते व तेथे मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी गायनाचे धडे घेतले. त्यांच्या स्त्रीभूमिकांतील साड्यांचे व दागिन्यांचे अनुकरण कुलीन स्त्रिया करीत. संगीत नाटकाचा प्रेक्षक प्रतिष्ठित, सुशिक्षित वर्गातील होता. तमाशा मात्र जातिव्यवस्थेने खालच्या ठरविलेल्या समाजांनी जगविला. वेश तोच असला तरी निवाडा वर्गाने आणि जातीने केला, असे म्हणावे लागते. तरीही ही प्रतिष्ठा निर्वेध नव्हती. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली, पण रंगभूमीवरील नायिकेचे यश पडद्यावरील पुरुषाला लाभले नाही. प्रेक्षकांनी त्यांनाही एका साच्यात बंदिस्त केलेच होते.

पडद्यावरील या कथेला वास्तवातील दुजोराही आहे. गणपत पाटील (निधन २००८) यांनी अनेक तमाशापटांत नाच्या रंगविला. ते विवाहित, मुलेबाळे असलेले गृहस्थ होते; तरी लोक त्यांच्या पुरुषत्वाविषयी शंका घेत आणि त्या कुजबुजीचा त्रास कुटुंबालाही झाला. खलनायक रंगविणाऱ्या निळू फुले यांचीही धास्ती अनेकांना वाटे, हे खरे. पण त्या धास्तीत नटाच्या अभिनयाला दाद होती. नाच्याच्या वाट्याला आले ते हसू. जळगाव-धुळे परिसरातील यात्रांत फड पाहत वाढलेल्या विद्यार्थ्यांना ‘नटरंग’ दाखविताना त्यांना आधी हे हसू कोणाचे, असे विचारता येईल.